गाडीला चुना लावणारी दुर्पताबाई

अगं शुभे, अशी दूर दूर काय बसतेस? जवळ सरक. तू पुण्यात आणि मी देवरीत, तरी मनाने सरकता येतं माणसाला. दर सुट्टीला ‘आत्या, येते’ म्हणतेस आणि भलतेच डोंगर चढायला जातेस. त्या दिवशी गाडीचा फोटो पाहून विचारलंस, ‘हिच्या तोंडात ही चांदीसारखी जाळी कशी बसली? बंपर तर कुठे कापलेला दिसत नाही!’ एका ओळीत उत्तर हवं होतं तुला. दुर्पताबाई एका ओळीत मावत नाही, बाई. ऐक आता.

कोणी फुटका बंपर आणला की दुर्पताबाई माणसाकडे बघायचीच नाही. बंपर मांडीवर आडवा घ्यायची आणि नखाने टिकटिक वाजवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, कान देऊन. आवाज बसका आला की थांबायची. “येथं बी तडकला हाय. तुमाले दिसून नाई राहिला, मले आयकू येऊन राहिला.” हायवेच्या कडेला, ट्रकवाल्यांच्या चहाच्या टपरीमागे तिचं पत्र्याचं छप्पर. आधी ती गावोगाव फिरून फुटक्या बादल्या आणि टब जोडायची, शेगडीत तापवलेल्या लोखंडी पात्याने. मग रस्त्यावर गाड्या वाढल्या. “बादली का अना बंपर का, पिलाष्टिक त पिलाष्टिकच हाय,” म्हणाली आणि बंपर जोडायला बसली. नम्रपणा तिच्या गावाला नव्हता. “रायपूरपासून साकोलीवरी माह्यासारखा जोड कोनी देऊन दाखवावा. त्याच्या घरचं पानी भरीन मी.”

आता गाडीचं ऐक. गाडी तुझ्या फुवांची, म्हणजे आमच्या यांची. ते गेल्यावर मी ती रोज पुसायची, पण आत बसत नव्हते. आमचा विलास चालवायचा. जुनी डिझेलची गाडी. उन्हाळ्यात दरेकशाच्या चढावर एसी लावला की धापा टाकायची. एक दिवस घरी मोठं खोकं आलं. विलास म्हणाला, “आई, इंटरकूलर आहे. गाडीच्या समोर लावायचा.” मला ऐकू आला तो कूलर. आपल्या इकडे कूलर म्हणजे कूलर! मी म्हटलं, “अरे, वाळ्याच्या ताट्या कुठे लावशील? आणि धावत्या गाडीत पाणी कोण टाकेल?” पोरगा हसून हसून खाली बसला. मग त्याने समजावलं. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, दाबली की हवा तापते. ती या जाळीतून फिरवली की समोरच्या वाऱ्याने थंड होते, आणि थंड हवेने इंजिनाला दम येतो.

ते मला पटलं. पण गोंदियाच्या मिस्त्रीने जाळी बसवली आणि वर बंपर काही बसेना. आतल्या कडा आणि खालचा ओठ जाळीला अडत होते. मिस्त्री म्हणाला, “भैया, ग्राइंडर से सामने का आधा उड़ा देते हैं.” मी अडून बसले. यांच्या गाडीचं तोंड कापायचं नाही. ते मॉडेल कधीच बंद झालेलं, दुसरा बंपर मिळायचा नाही. विलास चिडला. “मग उभी करून ठेव अंगणात, आणि पूज तिला!”

शेवटी तो गाडी आणि सुटा बंपर घेऊन दुर्पताबाईकडे गेला. तिने विचारलं, “गाडी कोनाची?”

“माझी.”

“तू त चालवतं. हाय कोनाची, ते इचारून राहिलो.”

“आईची.”

“मंग आईले आन. मी बिनइचारता कापत नाई. आमचा आजा जंगलात बांबूले बी इचारल्याबिगर हात नोहता लावत.”

मी गेले. उपड्या टबावर बसले. म्हटलं, “बाई, आमच्या मालकाची आठवण आहे. तोंड बिघडलं तर बघवणार नाही मला.”

“अना नुसती उभी ठेवली त बघवन का?”

मी उगाच पदराने बंपर पुसू लागले.

“आयक वो माय. चालवाची असन त कापा लागन. नाई कापाची त ठेव घरी. कोंबड्या बसतीन, अंडे देतीन. माहा मालक गेला, त मी त्याच्या सायकलचं चाक काहाडलो अना शेगडीच्या पंख्याले लावलो. पाह्य, फिरून राहिलं.”

खरंच, ती बोलता बोलता एका हाताने ते चाक फिरवत होती आणि शेगडी लाल होत होती. मी बराच वेळ त्या चाकाकडे पाहिलं. मग म्हटलं, “काप.”

तिने कमरेची चुन्याची डबी काढली. मला वाटलं, आता तंबाखू मळते. पण तिने चुना पाण्यात कालवला आणि बोटाने जाळीच्या कडांना फासला. “लोकं लोकाले चुना लावतेत, मी गाडीले लावतो!” मग बंपर वर दाबला आणि काढला. बंपरच्या आत जिथे जिथे जाळी अडत होती, तिथे पांढरे ठसे. “पांढरं दिसते तेवढंच काहाडाचं. बाकीच्याचा का गुन्हा?” तापलं पातं खरवसातून सुरी जावी तसं गेलं. नखाएवढे तुकडे पडले. पुन्हा चुना, पुन्हा दाब, पुन्हा पातं. दर खेपेला पांढरं कमी. माझा चहा तसाच निवला. शेवटी ठसा उरला तो खालच्या ओठावर, अगदी दर्शनी बाजूला. मी डोळे मिटले.

“डोरे उघड वो. येथं कापत नाई मी.”

टपरीवरून उकळत्या पाण्याची किटली मागवली. ओठावर धार धरली, फडकं गुंडाळलेल्या अंगठ्यांनी तो आतून पुढे रेटला आणि निवेपर्यंत तसाच धरून बसली. बाळंतिणीच्या घरी तेल लावून बाळाचं नाक वर ओढतात ना, अगदी तसं. तिच्या कपाळावरचा घाम नाकावरून टपकत होता, पण हात हलला नाही. शुभे, मी देवळात इतकी स्तब्ध कधी उभी राहिले नाही.

मग बंपर लावला. खट, खट, खट, सगळ्या खिट्ट्या बसल्या. तोंड तेच. आत चांदीची जाळी. टपरीवरचा एक ट्रकवाला जवळ येऊन वाकून पाहू लागला. “माताजी, कमाल है!”

“कमाल नाई, दुर्पता हाय,” ती म्हणाली.

मी पुढचं दार उघडलं आणि बसले. विलासने एसी लावला आणि गाडी सरळ दरेकशाकडे घातली. चढावर मी श्वास धरून होते, गाडीने धरला नाही.

आता दुर्पताबाईच्या डोळ्यांना कमी दिसतं. लेक तिला बाघनदीपलीकडे, छत्तीसगडात आपल्या घरी घेऊन गेली. आम्ही अधूनमधून जातो. मागच्या खेपेला म्हणाली, “तुही पुन्याची भाची येनार होती नं? कवाची आयकून राहिलो. का पायी येऊन राहिली ते?” मी काय सांगणार तिला? तिचं वय झालं, माझंही झालं. तेव्हा डोंगर राहू देत जागेवर, ते कुठे जात नाहीत. तू ये. विलास, तू आणि मी, आपण तिघं गाडीने तिच्याकडे जाऊ. पुढच्या सीटवर मात्र मी बसते, तुला मागे बसावं लागेल. ये लवकर.