मावशीचे हात

मावशीचे हात कधी स्वस्थ नसत. कपडे दुरुस्त करायचं तिचं छोटं दुकान. गिऱ्हाईक बोलत असलं तरी ही त्याच्या बाहीची कड नखाने दुमडून बघायची. मुलगा म्हणाला, दुकान बंद कर, माझ्याकडे राहायला चल. तर तिने त्याला भर रस्त्यात झापलं, कात्री हातात तशीच. झालं! तपासणीला म्हणून त्याने तिला मनोरुग्णालयात नेलं आणि तिथेच ठेवून आला. काळजी म्हणे!

मी भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर बसून चादरीची कड दुमडत होती. दुमडायची, नखाने दाबायची, पुढे सरकायची. सुई तिथे कुठली मिळायला?

"मला इथून काढ गं," ती म्हणाली. "दार आतून उघडतच नाही."

मी तणतणत डॉक्टरांकडे गेले.

"हातांचे चाळे बघितलेत ना?" ते म्हणाले. "ते थांबले की सोडू."

"अहो, शिवणकाम करते ती!"

"घरच्यांना असंच वाटतं." आणि वर समजूतदार हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी मावशीला सांगितलं. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पुढच्या खेपेला गेले तर तशीच बसलेली, भिंतीकडे बघत. डॉक्टर म्हणाले, "आता फार गप्प असतात. उदासी दिसतेय. राहू द्या अजून."

म्हणजे हात हलले तरी वेडी, थांबले तरी वेडी. मावशीच्या मुलाशी भांडले, तर तो म्हणाला, "डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का?" शेवटी एका वकीलबाईंना गाठलं आणि प्रकरण कोर्टात नेलं. न्यायाधीशांनी मावशीलाच विचारलं, "तुम्हाला तिथे राहायचंय?"

"नाही."

एवढं साधं तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिला कोंडून ठेवणं बेकायदा होतं, असं न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलं आणि मावशी सुटली.

परवा दुपारी तिच्या दुकानात गेले. मशीनचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. जिवाला बरं वाटलं. मी दार ढकललं आणि आवाज थांबला. मावशी ताठ बसलेली, दोन्ही हात मांड्यांखाली.

"अगं, मीच आहे."

"आधी दार लाव," ती म्हणाली. "रस्त्यावरून दिसतं."

मी दार लावलं, कडी घातली. तेव्हा कुठे तिने हात बाहेर काढले.