माझा खर्ज कुत्र्यानं नेला

मेडशीच्या देवळात, काल्याच्या दिवशी, भर सकाळी, सगळ्या गावादेखत माझ्या पखवाजाची कणीक सुटली आणि पुढे बसलेल्या मंडळींच्या मधोमध जाऊन पडली. नुसती पडली असती तर उचलून परत थापली असती. पण दाराशी बसलेलं एक पिवळं कुत्रं आत आलं, त्यानं ती हुंगली, तोंडात धरली आणि आलं तसं शांतपणे बाहेर निघून गेलं.

आमचे बुवा तेव्हा अभंगाच्या वरच्या चरणावर होते. डोळे मिटलेले, त्यामुळे कुत्रं त्यांना दिसलं नाही. आवाज गेलेला मात्र कळला. इतका वेळ ‘धुम्म’ म्हणणारा पखवाज एकाएकी रॉकेलच्या रिकाम्या डब्यासारखा खडखडायला लागला. बुवांनी एक डोळा उघडला. टाळकरी माना खाली घालून हसत होते. मागून कोणीतरी म्हणालं, “बुवा, यायचा खर्ज कुत्र्यानं नेला.”

बुवांनी तो डोळा परत मिटला. आमच्या बुवांचा एक डोळा उघडणं म्हणजे काय असतं, ते मंडळातल्या माणसालाच ठाऊक.

ज्यांच्या घरी पखवाज नाही त्यांच्यासाठी सांगतो. पखवाजाच्या उजव्या तोंडावर काळी शाई असते, ती कायमची. डावं तोंड, ज्याला धुमा म्हणतात, ते कोरं असतं. वाजवायच्या वेळी त्यावर भिजवलेल्या कणकेचा गोळा थापायचा, म्हणजे त्याला खर्ज येतो. टाळ-चिपळ्या वर किणकिणत असतात, पण भजनाला पाय टेकायला जमीन लागते ती या धुम्याची. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची, नाहीतर उंदीर कणकेबरोबर चामडंही खातात. म्हणजे पाहा, या वाद्याचा निम्मा आवाज खाण्याजोगा असतो. मला हे माहीत होतं. मेडशीच्या कुत्र्यालाही माहीत असेल असं वाटलं नव्हतं.

आता मी पखवाजावर कसा, असं कोणी विचारील. वाजवता येत होतं म्हणून नाही; मी मालक होतो म्हणून. एका वर्षी कापूस घेऊन मंगरूळच्या बाजाराला गेलो तेव्हा बायकोनं लुगडं आणायला सांगितलं होतं, हिरवं, रुंद काठाचं. कापडाच्या दुकानाच्या वाटेवर एका चामड्याचं काम करणाऱ्याच्या ओट्यावर हा पखवाज ठेवलेला. धुम्यावर कणीक ताजीच होती. मी जाता जाता सहज डावा हात मारला. तो आवाज कानात न जाता सरळ पोटात गेला आणि तिथंच बसला. लुगड्याचं दुकान मग मला काही सापडलं नाही.

घोंगडीत गुंडाळून तो बैलगाडीतून घरी आणला. बायको दारातच उभी.

“लुगड्याले एवढं मोठं गाठोडं कायले?”

मी घोंगडी सोडली. तिनं पखवाजाभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, “याचा काठ कोन्या बाजूनं हाये?”

पण दुसऱ्याच दिवशी तिनं आपलं जुनं लुगडं फाडून त्याला गवसणी शिवली. मला वाटलं, राग गेला. तर म्हणते कशी, “मले तं नवं भेटत नाई, मंग यानं तरी उघडं काहून राहावं?” तेव्हापासून आमचा पखवाज लुगडं नेसून आढ्याला टांगलेला असे आणि घरात येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघे.

त्याचं करणंही सोपं नव्हतं. पावसाळ्यात चामडं ढिलं पडतं, मग बाजूच्या चामडी वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे हातोडीनं ठोकून ते ताणायचं. मी गठ्ठा सोडून स्वतःचा अंगठा इतक्या वेळा ठोकला की पोरं म्हणायची, बाबा सुरात आले. ओलसर हवेत त्याला चुलीजवळ ऊब द्यावी लागे. बायको भाकरी थापता थापता म्हणे, “जरा सरकून बसा म्हना त्याले. का ताट वाढू?”

मेडशीहून परतलो तेव्हा कुत्र्याची गोष्ट माझ्याआधी घरी पोचली होती. बायको पदर तोंडाला लावून बसलेली.

मी म्हटलं, “हसू नको. अवं, तू देल्लेली कनिक टिकली काहून नाई?”

“कनिक कोनं देल्ली?”

“तूच नं. निघताना मी मागतली होती.”

“तुमी पीठ म्हनलं, मी पीठ देल्लं. जवारीचं. कनिक म्हनलं असतं तं देल्लीच नसती.”

आमच्याकडे पीठ म्हटलं की ज्वारीचं, आणि कणीक म्हटलं की गव्हाची. हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मी मात्र जन्मभर भाकरी खाऊनही चुलीकडे कधी वळून पाहिलेलं नाही, त्यामुळे ओल्या गोळ्यात ज्वारी कोणती आणि गहू कोणता, हे हाताला कळलं नाही. ज्वारीला चिकटा नसतो. चार थापा सोसते, मग सुटते. कुत्र्याला मात्र ती चालते.

पुढच्या बैठकीला बुवांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “सरावनात किन्हीराजाचं बलावनं आलं हाये.”

किन्हीराजा म्हणजे बायकोचं माहेर. तिथल्या मंडळात पखवाजावर बसतो तो तिचा सख्खा भाऊ, माझा मेहुणा. तो वाजवायला लागला की म्हाताऱ्या माणसांच्या माना आपोआप हलतात. माझ्या वाजवण्यानं फक्त कुत्रं हललं होतं.

“पखवाज तुहा हाये बाप्पा, कोनी नाई म्हनत नाई,” बुवा म्हणाले. “पन मांडी कोनाची, ते मंडळ ठरवीन. तिथं कनिक सुटली तं पखवाज तुह्या सायाच्या मांडीवर देईन अन् तुले देईन झांज. घरी येता येता वाजवत ये.”

सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगायचं तर मला ते फार लागलं. मला गळा नाही. आधी मी टाळकऱ्यांत बसायचो तेव्हा बुवांनी मला हात जोडून सांगितलं होतं की, तू तोंड हलव, पण आवाज काढू नको. दोन पावसाळे मी नुसतं तोंड हलवलं. पखवाज आल्यावर पहिल्यांदाच माझ्या डाव्या हातातून काही निघायचं आणि सगळ्यांचं गाणं त्यावर उभं राहायचं. ती मांडी गेली असती तर मी पुन्हा तोंड हलवायला बसलो असतो, आणि तेही सासरच्या माणसांसमोर.

तेव्हा गहू पाहिजे होते. आमच्या घरी गहू होते, दळलेलेच होते, पण पोळ्याच्या सणासाठी डब्याच्या तळाशी राखून ठेवलेले. बायको विहिरीवर गेलेली पाहून मी एकदा डबा उघडला. कणकेच्या वर तिनं आपला पंजा उमटवून ठेवला होता, पाचही बोटं स्वच्छ. कोणी चिमूट उचलली तरी कळावं. मी आपला हात त्यावर धरून पाहिला. माझा पंजा तिच्या दीडपट. झाकण लावलं आणि बाहेर येऊन बैलाच्या अंगावरून हात फिरवत बसलो.

मग नदीकाठची चिकणमाती आणून पाहिली. ती थापली तेव्हा झकास बोलली; सुकली तशी तडकली आणि तिचं ढेकूळ चुलीवरच्या वरणाच्या गंजात पडलं. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्यांनी नुसती चटणी-भाकर खाल्ली. शेवटी शेजारणीकडे ओंजळभर कणीक मागितली. ती दिली असती तर बरं. तिनं आधी आमच्या घरी येऊन विचारलं.

“गावात कनिक मागत हिंडून राह्यले म्हने?” बायको म्हणाली. “लोकं म्हनतीन, यायची पोरं उपाशी हायेत.”

“मंग तू दे.”

“बैलायच्या तोंडातली काढून देऊ का? सन त्यायचा हाये.”

पोळ्याला बैलाला पुरणपोळी देतात, पखवाजाला नाही.

किन्हीराजाला निघालो तेव्हा बायको-पोरं गाडीत बरोबर होती. माहेरी जायला तिला निमित्तच मिळालं होतं. पखवाज गाडीत चढवायला लागलो तर म्हणाली, “आना इकडं, मी धरते मांडीवर. तुमी बैलं हाका.” गवसणी शिवल्यापासून तिनं त्याला बोट लावलं नव्हतं. मला वाटलं, भावाला स्वतःच्या हातानं नेऊन द्यायचा विचार असेल.

सासुरवाडीला पोचल्यावर सासूबाईंकडे गोळाभर कणीक मागायची, असं मी वाटेत पक्कं केलं होतं. पण त्यांनी पाट मांडला, पाय धुवायला पाणी दिलं, “जवाईबुवा, सुकलेले दिसून राह्यले,” म्हणाल्या. आता कपाळावर गंध लावून पाटावर बसलेल्या जावयानं, मला कच्ची कणीक द्या, असं कसं म्हणावं? मेहुणा शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, “भाटवे, देवळातली कुत्री बांधून ठेवली बरं.”

मी तसाच देवळात गेलो. मंडळी बसली. बुवांनी टाळ हातात घेतले. मेहुणा नेमका माझ्या डाव्या बाजूला, धुम्यासमोर, मांडी घालून बसला. सुटलेली कणीक झेलायची असेल तर तीच जागा. मी गवसणीची गाठ सोडायला लागलो तर गाठ जाड लागली. लुगड्याच्या त्या टोकात ओल्या फडक्याची एक पुरचुंडी बांधलेली होती. आत पांढरी, घट्ट मळलेली कणीक. लिंबाएवढी नाही, चांगली मोठी.

ती थापली. पाण्याचा हात फिरवला. थाप मारली.

धुम्म.

बुवांनी अभंग उचलला. मी डाव्या हातानं त्याच्याखाली खर्ज भरत गेलो आणि कणीक चामड्याला अशी बसली होती, जशी जन्मली तिथंच. मेहुणा तिच्याकडे टक लावून होता. एक अभंग झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला मेहुण्याची मान हलायला लागली आणि माझं ठेक्याकडचं लक्ष उडालं. एक मात्रा खाल्ली. बुवांचा एक डोळा उघडला, धुम्याकडे गेला, कणीक जागेवर पाहिली आणि मिटला. त्यांची शाबासकी ती एवढीच.

खांबाआड बायकांत माझी बायको बसली होती. मी तिच्याकडे दोनदा पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. भावाकडे बघत होती, आणि पदर पुन्हा तोंडाला होता.

परतीच्या वाटेवरही पखवाज तिच्या मांडीवरच होता.

मग पोळा आला. बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या. संध्याकाळी गावातून मिरवून आणल्यावर बायकोनं त्यांना ओवाळलं आणि दोघांना आधी पुरणपोळी भरवली. मग पोरांना वाढल्या, तुपाची धार सोडून. माझ्या ताटात पुरण आलं, तूप आलं, आणि त्याशेजारी ज्वारीची भाकर.

मी बैलांकडे पाहिलं. ते अजून चघळत होते.

“अवं,” मी म्हटलं, “सनाच्या दिवशी मले भाकर?”

तिनं माझ्या भाकरीवर आणखी थोडं तूप सोडलं आणि म्हणाली, “तुमच्या वाट्याची पोई तं तुमी किन्हीराजाले वाजवून आले नं. लय गोड वाजली पन.”