काकूची उलटी लेन्स

माझ्या काका-काकूंचं दुकान एकच, पण कारभार दोन. डावीकडे काकूचा फोटो स्टुडिओ: पडदा, स्टूल आणि दिवसभर ‘हनुवटी जरा खाली’. उजवीकडे काकांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल. मधल्या भिंतीत खिडकी आहे, तिच्यातून चहा आणि टोमणे ये-जा करतात.

पासपोर्टच्या फोटोंनी पोट भरतं, मन भरत नाही, असं काकू म्हणते. म्हणून फावल्या वेळात ती जुनी पन्नास मिलिमीटरची लेन्स कॅमेऱ्याला उलटी लावते. तोंड कॅमेऱ्याकडे, पाठ बाहेर. तशी लावली की साखरेचा दाणा दगडाएवढा दिसतो. ‘चुकून उलटी बसली का हो?’ असं कुणी विचारलं, तर ती न चिडता मुंगीच्या मिशांचा फोटो दाखवते. मला मात्र तिने एकदा लेन्सची रिंग फिरवताना पकडलं आणि चांगलंच फैलावर घेतलं.

“रिंग सोड. इथे फोकस अंगाने करायचा. श्वास धरून आपणच पुढेमागे व्हायचं.”

गेल्या वर्षी काकांचा नूरच उतरला. एका निवृत्त नर्सबाईंचं मनगटी घड्याळ तिसऱ्यांदा बंद पडून परत आलं. त्या घड्याळावर बाईंनी तीस वर्षं लोकांच्या नाड्या मोजल्या होत्या. काकांनी ते पुन्हा खोललं, डोळ्याला भिंग लावून नाक टेकेपर्यंत वाकले. काही सापडेना.

“डोळे गेले माझे,” ते म्हणाले. “हे परत देतो आणि टेबल आवरतो.”

चाळीस वर्षांचं टेबल. मला रडूच आलं.

उघडं घड्याळ काकूने खिडकीतून घेतलं, बाजूला टॉर्च ठेवला, उलटी लेन्स चार बोटांवर आणली आणि सूतभर पुढे, सूतभर मागे होत राहिली. तेरावा फोटो नीट आला. कॉम्प्युटरवर मोठा केला, तर चाकाच्या दातांत एक पांढरी दोरी अडकलेली, टोकाला निमुळती, किंचित वळलेली.

“हा धागा कुठून आला?” काकांनी विचारलं.

काकूने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा त्यांच्या तोंडाकडे.

“धागा नाही. तुमच्या भुवईचा केस आहे.”

दर खेपेला काका जास्त वाकत होते आणि दर खेपेला नवा केस आत पडत होता. मी हसून बेजार. काकासुद्धा हसले, जरा उशिरा.

नर्सबाईंनी चालू झालेलं घड्याळ हातात घेतलं आणि तिथेच काकांचं मनगट धरून त्यावर नाडी मोजली. “बहात्तर,” त्या म्हणाल्या. “अजून दहा वर्षं काम करा.”

टेबल जागच्या जागी आहे. दर सोमवारी दुकान उघडण्याआधी काका स्टुडिओतल्या स्टुलावर बसतात आणि काकू बारीक कात्री काढते.

“हनुवटी जरा खाली,” ती म्हणते.