एक ओळ वजा

तमाम जनतेस कळवण्यात येतं की, गेल्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता, मुक्काम लोणंद येथील एका गाद्यांच्या दुकानात बसून प्रस्तुत लेखकाने निम्म्या जगातल्या कॉम्प्युटरांच्या पोटात चालणाऱ्या कर्नलमधून एक ओळ काढून टाकली. बँका बंद पडल्या नाहीत. विमानं कोसळली नाहीत. समोरच्या वडापावच्या गाड्यावरचं तेलसुद्धा गार झालं नाही. सरकारने सुट्टी जाहीर केली नाही, याचा मात्र मला अजून राग आहे.

ओळ कसली ते सांगतो, पण आधी धंदा सांगायला हवा. कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात एक प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याच्या जिवावर उड्या मारतात. आमचा कर्नल कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरची माणसं मेलवर भांडून भांडून तो दुरुस्त ठेवतात. त्यातला नेटवर्कचा भाग, म्हणजे तारेवरून आलेली माहिती उचलून ज्याची त्याला पोचवणारा, त्यात मी कैक वर्षं फलटणला घरी बसून हात काळे करतो आहे. माझे वडील माणदेशात मेंढरं राखायचे. कळपातलं चुकलेलं मेंढरू हुडकायचं, ही आमच्या घराची विद्या. मी फक्त मेंढरं बदलली.

या कामात प्रत्येक भागाला एक राखणदार असतो आणि सगळ्या राखणदारांची एक यादी असते. कुणी कुठूनही दुरुस्ती पाठवायला घेतली की एक छोटा प्रोग्रॅम ती यादी चाळतो आणि राखणदाराचा पत्ता काढून देतो. मेल त्याला जातोच जातो आणि सहसा त्याच्या होकाराशिवाय दुरुस्ती पुढे सरकत नाही. लोणंदचा माझा मित्र असाच एक राखणदार होता. घराणं पिंजाऱ्यांचं. खाली गाद्यांचं दुकान, माळ्यावर तीन जुने कॉम्प्युटर आणि त्यांच्या पंख्यांत अडकलेला कापूस. एका जुन्या नेटवर्क कार्डाला चालवणारा कोड त्याच्याकडे होता. ते कार्ड आता कुणी विकत घेत नाही, पण वजनकाट्यांवर आणि दवाखान्यांतल्या यंत्रांत ते अजून इमानाने राबतं.

आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या पहिल्याच दुरुस्तीवर त्याने जगासमोर इंग्रजीत असा काही मेल लिहिला, की मी दोन दिवस जेवलो नाही. नंतर एका वळवाच्या पावसात दोघांनीही एकाच संध्याकाळी 'लाइट गेली आहे, उत्तर उद्या' असं लिहिलं, आणि कळलं की हा कर्दनकाळ एसटीने तासाभरावर राहतो. त्यानंतर मेलवर आम्ही एकमेकांना 'महोदय' म्हणायचो आणि फोनवर वेगळंच चालायचं.

"काय रं गड्या, ती तुझी अठरावी ओळ वाचून मला घाम फुटला. मेंढरं राखताना बी असंच डोळं झाकून बसायचास का?"

"तुझा कोड तरी काय, पिंजलेला कापूस! कुठनं बी धरा, हातात काय बी येत न्हाई."

त्याची सगळ्यात मोठी दुरुस्ती एका ओळीची. खाली कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की विजेला झटका बसायचा आणि माळ्यावरची नेटवर्कची तार क्षणभर तुटायची. तार परत यायची, पण माहिती पुढे सरकायची नाही. वायरिंग बदल, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं. तो म्हणाला, "वायरिंग बेकार हाय, कबूल. पण तार आल्यावर तरी माल हलाय पायजे का नको?" तीन आठवडे तो त्या यंत्राचं बटण दाबत आणि कोड वाचत बसला. शेवटी सापडलं. तार तुटली की कोड माहितीची रांग थांबवत होता, ते बरोबरच होतं. तार जोडली गेल्यावर त्या रांगेला 'चला आता' असं कुणी सांगतच नव्हतं. तेवढं सांगणारी एक ओळ त्याने घातली.

गेल्या पावसाळ्यात गादीला टाके घालता घालता तो कलंडला. साताऱ्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

चाळिसाव्याला गेलो तर त्याची बायको, आमच्या भाभी, दुकानात होत्या. गल्ल्यापाशी त्याचा फोन चार्जिंगला लावलेला. आम्ही बोलत असताना तो वाजला. टिंग. परदेशातल्या एका बाईने त्या कार्डाच्या कोडातली एक चूक दुरुस्त करून पाठवली होती. भाभींनी पदराने फोन पुसला आणि जागेवर ठेवला. "वाजतोय अजून," एवढंच म्हणाल्या.

आता खरं तर मी घरी येऊन जगाला कळवायला हवं होतं की राखणदार गेला, त्याचं नाव यादीतून काढा. पण नाव काढलं की मेल थांबणार आणि तो फोन कायमचा गप्प होणार. मला ते होईना. शिवाय त्याच्या जागी नाव घालायचं ते माझंच, दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं.

आणि मग मी एक सोंग रचलं. सोंगं रचण्यात मला आधीपासून गती आहे. जुन्या कार्डाच्या कोडात कुणी फारसं हात घालत नाही, म्हणजे फोन दोन-दोन आठवडे मुका राहणार. म्हणून मीच दुरुस्त्या पाठवायला लागलो. कधी स्पेलिंगची चूक, कधी ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा. दुकान उघडून झाडलोट झाली असेल असा हिशोब करून रोज अकराला एक मेल सोडायचो आणि इकडे फलटणला चहा घेत मनाशी म्हणायचो, वाजला. नेटवर्कचे वरिष्ठ राखणदार वैतागून म्हणाले, "महोदय, आपण निवृत्त झाला आहात काय?"

त्या परदेशी बाईंची दुरुस्ती मात्र तशीच पडून होती. त्यांनी आठवण करून दिली. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा लिहिलं, "माझं काही चुकलं का? आमच्या दवाखान्यातली यंत्रं अडकतात." ते वाचलं आणि माझा चहा तसाच राहिला. असल्या मेलला तो संध्याकाळच्या आत उत्तर द्यायचा.

गुरुवारी लॅपटॉप घेऊन लोणंदला गेलो. भाभी गादीला टाके घालत होत्या. नाव का काढावं लागतं ते त्यांना सांगितलं. सोंगाचं सांगायचं धाडस झालं नाही. लॅपटॉप गाद्यांच्या ढिगावर ठेवला. स्क्रीनवर एक लाल ओळ, आधी वजाचं चिन्ह, मग त्याचं नाव. खाली हिरवी ओळ, अधिकचं चिन्ह, माझं नाव.

"ही त्यांची व्हय?" त्यांनी लाल ओळीवर बोट ठेवलं.

"व्हय, भाभी."

"मग त्यांचं नाव जाणार कुठं?"

"दुसरी यादी हाय. काम केलेल्या माणसांची. तिथनं कुणाचं काढत न्हाईत."

"काय लिवलंय त्यात?"

मी वाचून दाखवलं. नाव, गाव, कार्डाचा कोड इतकी वर्षं राखला, रांगेची ती दुरुस्ती केली.

"गाद्यांचं न्हाई लिवलं?"

"न्हाई."

"लिवा की. चांगल्या भरायचे."

तर आता कर्नलच्या त्या यादीत, 'गाद्याही चांगल्या भरायचे', असं इंग्रजीत लिहिलेलं आहे. वरिष्ठांनी हूं की चूं न करता घेतलं.

भाभींनी सुई गादीत टोचून ठेवली. "धाडा," म्हणाल्या आणि दाराकडे बघत राहिल्या. मी बटण दाबलं.

एक गोष्ट माझ्या ध्यानातच नव्हती. ही दुरुस्ती मान्य होईपर्यंत जुनीच यादी लागू होती. छोट्या प्रोग्रॅमने इमानाने ती चाळली आणि राखणदाराला कळवलं, की तुमचं नाव काढत आहोत.

गल्ल्यापाशी फोन वाजला. टिंग.

भाभींनी तो उचलला, डोळ्यांपासून लांब धरला आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. मग माझ्याकडे बघून एकदम म्हणाल्या, "आवं भावजी, ह्यो बी तुमचाच की! तुमी अजून लिवताय त्यास्नी, म्हणून तर मी रोज चार्जिंगला लावत हुते!"