घरच्या अभ्यासाचे शून्य तास

आमच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से जास्त साठतात. गोव्यातल्या पेडण्याच्या आमच्या छोट्या कॉलेजाचा पोर्तुगालच्या एका विद्यापीठाशी करार झाला, आणि मग तर कपाटच बंद होईना! करार साधा होता. आमच्या मुलांनी एक सेमिस्टर तिकडे शिकायचं, इथले क्रेडिट त्यांनी धरायचे, तिथले आम्ही. दोन्हीकडचं जुळवायचं काम माझ्याकडे, म्हणजे सीनियर क्लार्ककडे, आणि भूगर्भशास्त्राच्या परब सरांकडे आलं. आम्हा दोघांचं पोर्तुगीज पाव, बटाटा आणि खिडकीला म्हणतात ते जनेल इथंच संपत होतं.

*

पहिलं पत्र सुट्ट्यांबद्दल आलं. तिकडच्या समन्वयक तेरेझा बाईंनी विचारलं होतं, ऐन सेमिस्टरमध्ये तुमचं कॉलेज इतके दिवस बंद का? 'चवथ आहे' एवढं लिहून भागलं असतं. पण चवथीचा विषय निघाला की परब सरांना आवरणं कठीण. गणपतीच्या वर छताला फळापानांची बांधतात त्या माटोळीचं त्यांनी तीन पानी वर्णन पाठवलं. सुपारीचं शिपटं म्हणजे अख्खा घड, कांगलांसारखी रानातली कुठली फळं कुणी आणायची, पाचव्या दिवशी विसर्जन होईपर्यंत घरात दुसरं काम कसं सुचत नाही, सगळं!

बाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी हजर. "ही झाडं विद्यार्थी स्वतः ओळखून आणतात? मग याचे क्रेडिट का देत नाही?"

प्राचार्य मॅडमनी ते पत्र फ्रेम करून लावलंय.

*

नंतर आम्ही त्यांना नियम विचारले. तुमच्याकडे किती टक्के हजेरी सक्तीची? त्यांनी कळवलं की लेक्चरांना हजेरी घेतच नाहीत.

मॅडमनी ते दोनदा वाचलं, मग उठून केबिनचं दार लावून घेतलं. बाहेर मुलं उभी होती ना.

*

तिकडे पहिला गेला रोहित. त्याचा निकाल आला, सोळा. त्याच्या आईने फोनवर 'सोळा' एवढंच ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ऑफिसात दाखल. डोळे सुजलेले. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की तिकडे मार्क वीसपैकी देतात, वीसपैकी सोळा म्हणजे फार उत्तम. रोहितच्या आईचा चेहरा उजळला. पदराने डोळे पुसून दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळल्या.

"मगे उरलेले चार खंय गेले?"

*

आता परब सरांचा पराक्रम. आमच्याकडे क्रेडिट मोजतात ते शिक्षकाने वर्गात घेतलेल्या तासांवर. तिकडे विद्यार्थ्याची सगळी मेहनत मोजतात, घरचा अभ्याससुद्धा. म्हणून यंदाच्या फॉर्ममध्ये एक नवा रकाना होता, 'घरच्या अभ्यासाचे तास'. दुसऱ्या कॉलेजांनी तिथे अंदाजे काहीतरी भरलं असेल. परब सरांनी वर्गात जाऊन मुलांनाच विचारलं! मुलं बिचारी खरं बोलली. सरांनी सगळ्यांपुढे शून्य लिहून फॉर्म पाठवून दिला.

फटका बसला शीतलला. मुळगावची ही शेतकऱ्याची मुलगी परब सरांच्या वर्गातली सगळ्यात हुशार, यंदा तिची निवड झाली होती, पासपोर्टसुद्धा आला होता. तिकडून कळवलं, क्रेडिट कमी पडतात, प्रवेश देता येत नाही. परब सर दोन दिवस जेवले नाहीत. मलाही फार वाईट वाटत होतं, कारण त्या फॉर्मवर शिक्का मी मारला होता.

सरांनी शीतलला समोर बसवून खोदून खोदून विचारलं, घरी काहीच करत नाहीस? ती म्हणाली, काही नाही, सर. सकाळी बाव मोजते फक्त.

बाव म्हणजे त्यांची विहीर. जवळच खाणीचे खड्डे, म्हणून पाणी कधी उतरेल याचा भरवसा नाही. पाणी शेंदण्याआधी शीतल गाठी मारलेला दोर सोडायची आणि किती हात पाणी आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहायची. तीन वर्षं, रोज. घरचं काम म्हणून तिने ते अभ्यासात धरलंच नव्हतं!

*

विहिरीच्या या नोंदी घरचा अभ्यास म्हणून धरा, असं सरांनी त्याच दिवशी कळवलं, आणि तेरेझा बाईंनी व्हिडिओ कॉलवर ऐकून घ्यायचं कबूल केलं. शीतलचे वडील तिन्ही कॅलेंडरं पिशवीत घालून, म्हापशाला बस बदलून पेडण्याला आले. आम्ही एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरत गेलो. बाई पुढे वाकून आकडे वाचत होत्या, मध्येच 'थांबा' म्हणून लिहून घेत होत्या.

मग त्या म्हणाल्या, काम उत्तम आहे, पण नोंद सलग नसेल तर मला धरता येणार नाही. दरवर्षी पाच चौकोन कोरे आहेत, आणि तेही दरवर्षी वेगळ्या तारखांना. त्या दिवसांत काय झालं?

शीतल कॅलेंडरं उलटून त्या तारखा शोधू लागली. परब सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. तिकडे बाईंनी चष्मा काढला, कसलीशी जुनी तीन पानं चाळली आणि पडद्याजवळ आल्या.

"माटोळी?"

शीतलचे वडील खुर्चीतून उठून उभे राहिले.

"हय, बाय. पाच दिसांचो गणपती आमचो."

बाईंनी पेन उचललं आणि आमच्या देखत ते शून्य खोडलं.