पिंकीचा शालू आणि ओळख न देणारे मॉनिटर

फोटो स्टुडिओत हार्ड डिस्क भरली की जुने फोटो उडवता येतात. किस्स्यांचं तसं नाही, ते साचतच जातात! रायपूरजवळच्या आमच्या कारखान्याच्या गावात, सेक्टर 10 मधल्या स्टुडिओत तर एका अल्बमनेच इतके किस्से दिले की विचारू नका.

मालक प्रभाकरभाऊ. कारखान्यातून रिटायर झाले आणि स्टुडिओ काढला. मी त्यांचा डिझायनर. भाऊंच्या भाचीचं, पिंकीचं लग्न झालं, तेव्हा अल्बम अर्थातच आम्ही केला. तो उघडल्याबरोबर भाऊंची मोठी बहीण, म्हणजे पिंकीची आई, सेक्टर 2 ची अक्का, भडकली.

"शालू हिरवा होता, तू निळा छापून ठेवला! मामानं घेतलेला शालू मामालेच आठवत नाही?"

भाऊंना खरंच आठवेना. दुकानात ट्यूबलाइटखाली पाहिलेला! अक्काने बोलणं टाकलं. आईच्या माघारी भाऊंना तीच आई, त्यामुळे ते फार खचले. मलाही त्यांच्याकडे बघवेना.

*

दोष मॉनिटरचा, असं मी जाहीर केलं. प्रत्येक मॉनिटर रंग थोडा वेगळा दाखवतो. म्हणून कॉम्प्युटरने आधी मॉनिटर ओळखायचा आणि मग त्याची रंगांची फाइल, म्हणजे प्रोफाइल, त्याला लावायची. आमचे दोन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे, कॉम्प्युटरला नावही एकच दिसे. याची प्रोफाइल त्याला!

भाऊ म्हणाले, "जुळे पोरं मास्तरले ओळखू येत नाहीत, मशीन काय ओळखीन!"

भाऊंच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, कपाळावरची टिकली काढून डाव्या मॉनिटरला लावली. "घ्या, हे पोरगी अन् तो पोरगा!"

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाईक बाईंनी ती नखाने सोलून माझ्या हातात दिली. "भैया, टीवी पे कुछ चिपका था."

*

मग भाऊंनी जवळच्या कुम्हारीहून एक सेकंडहँड मॉनिटर आणला. जोडला तर पुढे एका कंपनीचं नाव, कॉम्प्युटर सांगतो दुसरंच! विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "बॉडी तो ओरिजिनल है ना!"

भाऊ वैतागले. "वरून एक, आतून एक. आपले साडू असेच आहेत!"

आतून वहिनींचा आवाज आला, "मले सगळं ऐकू येऊन राहिलं!"

*

विश्वकर्मा पूजेला वहिनींनी सगळ्या मशीनींना कुंकू लावलं. मॉनिटरलाही, बरोबर मधोमध. रंग मोजायचं यंत्र स्क्रीनवर मधोमधच लटकवावं लागतं. पूजेचा टिळा पुसायची हिंमत कोणाची? मी लटकवलं तसंच!

यंत्राला स्क्रीन भलतीच लाल वाटली, त्याने लाल रंग कमी केला. मला फोटो फिके दिसले, मी लाल वाढवला. सॅम्पल प्रिंट निघाली, तर सगळं वऱ्हाड लालबुंद.

भाऊंनी प्रिंट डोळ्यांजवळ धरली. "लग्नात इतके भांडण कवा झाले रे?"

*

शेवटी कॉम्प्युटरमध्ये वेगवेगळी नावं दिल्यावर सगळे मॉनिटर एकदाचे ओळखीचे झाले, ज्याची प्रोफाइल त्याला लागली. शालू अक्का म्हणाली तसा हिरवा केला, नवा अल्बम छापला. भाऊ मलाही सोबत घेऊन सेक्टर 2 ला गेले.

पिंकी रायपूरहून माहेरी आली होती. तिने पहिलं पान उघडलं आणि ओरडली, "मामा, ये क्या कर दिया? शालू तो नीला था!"

भाऊंनी अक्काकडे बोट दाखवलं.

अक्का म्हणाली, "हिरवा होता!"

पिंकीने तरातरा आत जाऊन बॅगेतून शालूच आणला आणि अंगणातल्या खाटेवर उन्हात पसरला.

"देख, नीला!"

"डोळे फुटले का तुये? हिरवा!"

मी पिंकीच्या बाजूला उभा होतो. निळा. अक्काच्या बाजूला गेलो. हिरवा! मी दोघींना जागा बदलायला लावल्या. त्यांनी पाहिलं. मग पुन्हा बदलल्या. शालू धूपछाव होता, दोन रंगांच्या धाग्यांचा!

अक्काने शालूची घडी घातली. दोन्ही अल्बम हातात घेतले.

"निळा पिंकीच्या सासूले. हिरवा माहा. अन् प्रभ्या, तिसरा छापशील तं याद राख! चाल, हात धू, जेवाले बस."