केसभर अंतर

अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या पूर्व भागातल्या एका सिंथेसायझरच्या कारखान्यात सकाळी सगळ्यांच्या आधी बर्निस कोवाल यायची. कोट खुंटीला लावण्यापूर्वी ती ओळीतली सगळी वाद्यं चालू करायची आणि मगच कॉफी घ्यायला जायची. ॲनालॉग वाद्य थंड असताना सुरात लावलं, की तापल्यावर ते सूर सोडतं. आधी तापू द्यायचं, मग हात लावायचा.

प्रत्येक वाद्यात आवाज काढणारी दोन सर्किटं असत. बर्निस बारीक स्क्रूड्रायव्हरने दोन्ही एका सुरात आणायची आणि शेवटी दुसऱ्याचा सूर केसभर सरकवायची. मग आवाज श्वास घेऊ लागायचा. किती सरकवायचं, ते वाद्य ऐकून ठरे. नवऱ्यामागे दोन मुली तिने याच कानावर वाढवल्या होत्या.

मग डिजिटल वाद्य आलं. त्यात सूर आकड्यांनी बांधलेला. उन्हात ठेवा, बर्फात ठेवा, हलायचा नाही. ते बनवणारा इंजिनियर रॉय एक दिवस तिच्या टेबलाशी आला.

"बर्निस, आमच्या मशीनचा सूर अचूक आहे, पण आवाज मेल्यासारखा येतो. तू लावलेल्या वाद्यात असं काय आहे गं?"

तो जाताच शेजारच्या टेबलावरची वांडा कुजबुजली, "दाखवू नकोस हं. चोराला जेवायला बोलावशील आणि वर किल्लीही देशील!"

"अगं वेडे, कान काय उसना देता येतो? बघू दे त्याला. जळेल नुसता."

खरी गोष्ट एवढीच, की इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

तिने एक वाद्य लावून दाखवलं. रॉयने त्याला वायरी जोडून ते अंतर मोजलं. मग दुसरं, मग तिसरं. आठवडाभर तो डोनट घेऊन येत राहिला. त्याची नजर तिच्या हाताकडे नव्हती, पडद्यावरच्या रेषेकडे होती. शुक्रवारी तो खुशीत म्हणाला, "सगळ्यांची सरासरी काढली. आता चिपमध्ये घालतो. कमाल आहेस तू!"

बर्निस त्या दिवशी घरी हसत गेली.

नवी वाद्यं धडाधड खपली. ईस्टरच्या आधी सूर लावायची टेबलं उचलली गेली आणि बर्निसला पॅकिंगला पाठवलं. तिथे खोक्यात घालण्यापूर्वी प्रत्येक वाद्याची एक पट्टी दाबून बघायची, आवाज येतो ना, एवढंच. दिवसभर तेच केसभर अंतर. प्रत्येकात तेवढंच.

वांडाही आता तिथेच खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. "तुझाच आवाज की गं हा," ती म्हणाली.

"माझा? मी दोन मशीन कधी सारखी लावली नाहीत. हा फोटो आहे माझा. थडग्यावर लावतात ना, तसला."

वांडाने पुढचं खोकं जवळ ओढलं.

सोमवारी बर्निस नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आली. पॅकिंगच्या ओळीतली वाद्यं चालू केली आणि कॉफीकडे वळली. दारात रॉय भेटला.

"अगं, यांना तापवावं लागत नाही. लगेच तयार असतात."

"माहीत आहे," ती म्हणाली.

ती मागे फिरली. पहिल्या वाद्याची पट्टी दाबली. थंडगार यंत्रातून सूर बरोबर आला. तिने ते बंद करून खोक्यात घातलं.